झरोक्यातलं गोणपाट

मुंबईला नोकरी करणाऱ्या मंगेशनं कापडे गावातल्या घरी बायकोला, रूपालीला, गॅसगिझर बसवून दिला, आणि थोरली जाऊ ठकूबाई जळून खाक झाली. तिच्या नशिबी लाकडं घालायचा बंबच! रूपालीच्या न्हाणीची वाफ रोज तिच्याच अंगणात यायची. आज ठकूबाईनं त्या न्हाणीच्या झरोक्यात बाहेरून गोणपाट कोंबलं. थोड्या वेळानं गिझर विझला.

"विझला गो तुझा गिझर!" ठकूबाई हरखली.

"आत कोंदलं की आपोआप बंद होतो, जाऊबाय," रूपाली ओसरीवरून म्हणाली. "नायतर आतलं माणूस मरंल."

तेवढ्यात डोक्याला साबण फासलेला मुरारी, ठकूबाईचा नवरा, कुडकुडत न्हाणीतून बाहेर आला.

ठकूबाईनं झटकन गोणपाट ओढून काढलं, पण जीभ गप्प राहीना.

"माझ्या बंबाचं पाणी काय तुमाला चावत हुतं?"