चैतरामच्या पुस्तकातली लाल शाई

टिकारामचं पोट सकाळपासून बिघडलं होतं. खाण्यात तर काहीच वेडंवाकडं आलं नव्हतं. बालाघाटला जायचं होतं, कचेरीसमोरच्या वकिलाकडे एका कागदावर सही करायची होती, बस्स. पण सदतीस वर्षं पोटात दडवून ठेवलेली गोष्ट कधी ना कधी ढवळतेच, तिला चूर्ण घेऊन काय होणार? तीन वेळा मागच्या दारी जाऊन आला बिचारा. बिचारा म्हणायची लायकी नाही त्याची, पण तोंडातून निघून गेलं.

बायको अंजना त्याच्या शर्टावर इस्त्री फिरवत होती. "एवढे काहून भेऊन राह्यले?" ती म्हणाली. "भासऱ्यांचं चांगलं होऊन राह्यलं ना? तुमाले तं फक्त सही करा लागते."

"हौ," टिकाराम म्हणाला. "सहीच तं करा लागते."

चैतराम अंजनाचा भासरा, म्हणजे टिकारामचा थोरला भाऊ. सतरा वर्षं फौजेत काढलेला, श्रीलंकेत जाऊन आलेला. पण सव्वीस जानेवारीला शाळेतून बोलावणं आलं की त्याचे गुडघे दुखायचे. गावातला दुसरा फौजी छातीवर पदकं लावून गुरुजींच्या शेजारी खुर्चीवर बसायचा, आणि चैतराम घरी बसून गुडघ्याला तेल चोळायचा. गुडघे ठणठणीत होते, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

त्याची पोरगी संघमित्रा बालाघाटला शाळेत शिकवते. तिनं दोन वर्षांखाली बापाची पेटी उघडली, फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक काढलं आणि पान न् पान वाचलं. बापाची कोणती पदकं राहून गेली, ते शोधून काढून रेकॉर्डवाल्यांना अर्जावर अर्ज धाडले. दोन पदकं कोणाच्या आडकाठीनं नाही, नुसतीच राहून गेली होती. ती डब्यात बसून घरपोच आली. तिसरं मात्र नाही म्हणाले. ते सदाचरणाचं पदक, चांगल्या चालीच्या शिपायाला मिळणारं. आणि चैतरामच्या पुस्तकात लाल शाईनं लिहिलेलं होतं: खोटं कारण सांगून रजेवरून अकरा दिवस उशिरा हजर, चौदा दिवस कैद.

खोटं कारण! चैतराम पोरीला म्हणाला होता, "पदक गेलं चुलीत. मले थो 'खोटं' शब्द काढून पाहिजे." एवढीच त्याची मागणी होती, आणि तेवढ्यासाठीच आज टिकारामची सही हवी होती.

किरनापूरहून बस सुटली. चैतराम खिडकीशी बसला, दाढी गुळगुळीत केलेली, खिशात रुमालात गुंडाळलेली ती दोन पदकं. वकिलाला दाखवायची होती त्याला. पासष्टीचा माणूस, पण नव्या दप्तराच्या पोरासारखा खिसा चाचपत होता.

"तू आहेस म्हनून होऊन राह्यलं हे," तो टिकारामला म्हणाला. "त्या टायमाले घरी तूच होता. दुसरा साक्षीदार मी कुठून आनू?"

टिकारामनं रस्त्याकडं पाहिलं. धानाच्या बांध्या मागं पळत होत्या, त्याला मात्र कुठंच पळता येत नव्हतं.

गोष्ट अशी झाली होती. अठ्ठ्याऐंशी साल. चैतराम सुट्टीवर आला आणि चारच दिवसांत मायच्या तोंडून रक्त पडलं. टीबी. तेव्हा हे नाव घरात मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती, लोक त्या घरचं पाणी पीत नसत. चैतरामनं मायला छोट्या लाईनच्या गाडीत घातलं आणि गोंदियाला दवाखान्यात नेलं. सुट्टी वाढवून मागणारी तार केली. फौजवाले अशा तारेवर एकदम भरवसा ठेवत नसत, ठाण्याला कळवून घरी शिपाई पाठवत, आई खरंच आजारी आहे का ते बघायला. म्हणून निघताना त्यानं टिकारामला बजावलं होतं, "तू घर सोडू नको. ठान्यातून मानूस येईन. त्याले सांग, माय गोंदियाच्या दवाखान्यात आहे. बस्स, एवढंच."

टिकाराम तेव्हा एकवीस वर्षांचा होता, नववी शिकलेला.

शिपाई आला. पण कधी आला? ज्या दिवशी रामपायलीचे पाहुणे टिकारामचं घर बघायला आले होते, ऐन त्या दिवशी, ऐन चहाच्या वेळी. खाटेवर अंजनाचा बाप बसलेला, हातात कपबशी. शिपायानं सायकल भिंतीला टेकवली आणि अंगणातूनच विचारलं, "चैतराम का भाई तू है? माँ बीमार है क्या तेरी?"

खाटेवरचे चारही लोक टिकारामकडं बघायला लागले.

"नहीं साहब," टिकाराम म्हणाला. "माँ तो एकदम अच्छी है. मामा के गाँव गई है."

शिपायालाही पुढं हिंडायचा त्रास वाचला. त्यानं कागद लिहिला, पुढं केला, आणि टिकारामनं सही ठोकली. नुसती नाही, खाली दोन रेघा ओढून, शेपटी काढून! होणारा सासरा बघत होता ना. पोरगा सही करतो म्हणून सासरा खूश झाला. ती दोन रेघांची सही आठवली की आजही टिकारामच्या कानाच्या पाळ्या तापतात. तापायलाच पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन खरं सांगता आलं असतं. तिसऱ्या दिवशीही आलं असतं. तो गेला नाही. सुट्टी संपून आठ दिवस उलटल्यावर चैतरामला तार आली, सुट्टी नामंजूर, ताबडतोब हजर व्हा. मायला वार्डात ठेवून तो गेला. साहेबाला दवाखान्याचं कार्ड दाखवलं, तर साहेब म्हणाला अशी कार्डं पैशाला पासरी मिळतात, पोलिसाचा रिपोर्ट बघ, तुझी आई धडधाकट आहे. चैतराम कोठडीत असतानाच माय गेली. टिकारामनं गावात सांगितलं, छातीत कळ आली. लग्न ठरल्याप्रमाणे झालं.

चैतराम पुढच्या सुट्टीत आला तेव्हा पहिलं विचारलं, "शिपाई आलता का?" टिकाराम म्हणाला, "कोनीच आलं नाई दादा." झालं! तेव्हापासून चैतराम समजून चालला की शिपायानं ठाण्यात बसल्याजागी कागद रंगवला. तो पोलिसाला पाण्याचा पेला देत नसे. संघमित्रासाठी एक चांगलं स्थळ आलं होतं, पोरगा पोलिसात. चैतरामनं दारातूनच परत लावलं, आणि टिकाराम शेजारी उभा राहून मान हलवत होता. लाज ही चीज काही माणसांना फार उशिरा सापडते.

कचेरीसमोरच्या टिनाच्या शेडमध्ये संघमित्रा वाटच बघत होती. वकिलाचा टायपिस्ट लोकेश, चष्मा कपाळावर चढवून, अगोदरच मजकूर तयार करून बसला होता. आजूबाजूला दहा-बारा माणसं आपापले कागद घेऊन खेटून उभी. लोकेशनं वाचून दाखवलं, "यह कि उक्त दिनों में हमारे घर कोई पुलिसकर्मी जाँच के लिए नहीं आया." आणि पेन टिकारामपुढं सरकवलं.

टिकारामनं पेन घेतलं. तो सही करणार होता, खोटं कशाला बोला! एवढी वर्षं निभलं तर आणखी एक रेघ.

तेवढ्यात संघमित्रा म्हणाली, "अन् काका, त्या पोलीस रिपोर्टाची नक्कल पन मांगवली मी. पंधरा दिवसांत येते. दोन्ही कागद समोरासमोर ठेवले की दूध का दूध. कोनाची सही आहे थे पन दिसन."

टिकारामचा हात थांबला. त्याच्यातला सज्जन माणूस जागा झाला असं कोणी समजू नये, भीती जागी झाली होती. त्या नकलेवर दोन रेघांची, शेपटीवाली सही. म्हणजे त्याचं खोटं तर उघडं पडणारच, पण चैतरामचा हा अर्जही खोटा ठरणार. त्याच्यामुळं भाऊ दुसऱ्यांदा खोटारडा होणार.

"आलता," तो म्हणाला.

"कोन?"

"पोलीस. घरी आलता. मीच बोललो त्याच्यासंगं."

चैतराम हसला. "अबे, थो दुसरा, गावात कोंबडीचोरीच्या चौकशीले आलता थो पोलीस. तुह्या ध्यानात घोळ होऊन राह्यला."

"नाई दादा. तोच. मी त्याले सांगतलं माय बरी आहे म्हनून. सही पन माहीच आहे."

चैतरामचं हसू ओठांवर तसंच राहिलं, त्याला ते आवरायचंही सुचलं नाही. संघमित्रा काकाकडं बघत राहिली. शेजारच्या माणसांनी आपले कागद वाचायचं थांबवलं.

"माय गोंदियाले होती हे तुले ठाऊक होतं," चैतराम हळूच म्हणाला.

"हौ."

"मीच सांगून गेलतो."

"हौ."

"मंग काहून?"

टिकारामची मान खाली. चपलेतून बाहेर आलेला आपलाच अंगठा बघत उभा. आणि मग चैतरामनं काय करावं? त्यानं स्वतःच भावासाठी उत्तर शोधलं.

"भेला असन," तो पोरीला म्हणाला. "पोट्टा होता तवा. खाकी पाहून भल्याभल्याची दातखीळ बसे." आणि लोकेशच्या टेबलावरचा कागद उचलला. "चाल, राहू दे हे. लाल तं लाल. माहे किती दिवस राह्यले? याचं नाव कायले कागदावर चढवाचं? नातवंडं आहेत त्याचे, अंजना आहे."

"बाबा, तुमाले खोटारडं लिहिलं आहे त्यात!" संघमित्रा चिडून म्हणाली.

"लिहू दे. सवय झाली."

खरं सांगतो, टिकारामला सुटल्यासारखं वाटलं. छाती मोकळी झाली, पोट शांत झालं. अर्ज मागं, नक्कल आली तरी पेटीत जाईल, अंजनाला काही कळणार नाही. घरी जाऊन जेवण करायचं आणि झोपायचं. आणि या सुटकेचीच त्याला अशी शिसारी आली की तोंडात कडू पाणी आलं. भाऊ आपला 'खोटं' शब्द आपल्याच हातानं परत गळ्यात घालून निघाला होता, आणि याला जेवण आठवत होतं.

त्यानं चैतरामच्या हातातून कागद घेतला, लोकेशपुढं ठेवला. "नवा टाईप करा. मी सांगतो."

लोकेश कामाचा माणूस. त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला. "माताजी का नाम?"

"फुलवंता."

"बीमारी?"

टिकारामनं आजूबाजूला पाहिलं. सगळे ऐकत होते. "टीबी," तो म्हणाला. आवाज फुटला नाही, म्हणून परत म्हणाला, "टीबी होता तिले."

कोणी दचकलं नाही. एका बाईनं मान डोलावली, तिचं लेकरू रडायला लागलं, तिनं त्याला खांद्यावर घेतलं. ज्या शब्दासाठी एवढं केलं, त्याचं कोणाला काहीच वाटलं नाही.

लोकेशनं खटाखट बोटं चालवली आणि वाचलं, "यह कि मैंने पुलिस के भय से असत्य कथन किया. ठीक है? भय लिखने से आपका भी बचाव होता है, चाचाजी."

"ठीक आहे," चैतराम म्हणाला. त्यानं भावाच्या पाठीवर हात ठेवला. "थेच लिहा. भेलाच होता थो."

तो हात पाठीवर होता म्हणूनच टिकारामला ते सहन झालं नाही.

"भेलो नव्हतो मी," तो म्हणाला. "रामपायलीचे पाहुने बसले होते खाटेवर. अंजनाचे बाबा. त्याइच्या समोर मले सांगाची शरम वाटली. मायची शरम वाटली मले, दादा. लोकेशभाऊ, भय नका लिहू. शरम लिहा."

पाठीवरचा हात निघाला.

चैतरामनं रुमालाची पुरचुंडी खिशात आणखी खाली दाबली आणि शेडच्या बाहेर निघाला. दोन पावलं गेला आणि थांबला. मागं वळला नाही.

"वार्डात रोज इचारे माय," तो म्हणाला. "टिका आला का, टिका आला का. मी म्हनो, माय, त्याले मीच घरी ठेवलं, पोलिसाले तुही तब्येत सांगाले. तं म्हने, मंग बरं केलं. टिका सांगन बरोबर."

मग तो उन्हात चालत फाटकाकडं गेला. संघमित्रा त्याच्यामागं धावली.

लोकेशनं नवा कागद काढला, 'भय'च्या जागी 'शरम' टाईप करून पुढं ठेवला, आणि कुठं सही करायची तिथं बोट टेकवलं. टिकारामनं सही केली. मग अठ्ठावन्न वर्षांचा तो माणूस भर दुपारी, भरल्या कचेरीसमोर, टेबलावर डोकं ठेवून रडला. लोकेशनं कागद ओला होऊ नये म्हणून त्याच्या हाताखालून हळूच ओढून घेतला.