ओट्याखालची अक्षरं

"आनंदराज सोनकांबळे!"

लातूरहून आलेल्या साहेबांनी नाव पुकारलं, पण 'हजर' म्हणायला कोणी उठेना. उदगीरच्या गॅस एजन्सीच्या गोदामात बसलेली सात माणसं एकदम पंचशीलाकडे बघायला लागली. एजन्सीचे मालक सिद्रामप्पा यांना नेमकं तेव्हाच छताकडे काहीतरी दिसलं.

पंचशीला उठली. "साहेब, ते न्हाईत."

"रजेवर आहेत?"

"वारले. एकोणीस वर्सं झाली."

साहेबांनी हजेरीपट जवळ ओढला. "मग कालची ही सही कोणाची?"

"माझी."

सरकारने देशातला सगळा खासगी गॅसधंदा ताब्यात घेतला होता. टाक्यांपासून माणसांपर्यंत सगळं आता सरकारी होणार होतं आणि हजेरीपटावर ज्याचं नाव, त्यालाच कामावर घ्यायचं, असा हुकूम होता. यादी आज संध्याकाळी पाचला बंद व्हायची होती. पंचशीलाचं नाव त्या हजेरीपटावर एकदाही आलेलं नव्हतं.

आनंदराज तिचा नवरा, इथला मेकॅनिक. त्याच्याबरोबर फिरून फिरून ती काम शिकली. तो अपघातात गेला तेव्हा मुलगी धम्मप्रिया दोन वर्षांची होती. सिद्रामप्पा म्हणाले होते, "बाईमाणसाला कंपनी मेकॅनिक म्हून घेत न्हाई. नाव बदलाया गेलो तर दुसरा माणूस धाडतील. काम तू कर, सही त्याची कर." पोटापुढे कोणाचं काय चालतं! तिने सही केली. पुढे पुढे तर तिला ते आवडायलाच लागलं. सकाळी त्याचं नाव लिहिलं की तो कामावर आलाय असं वाटायचं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, गप्प बसा. खोटी सही हा गुन्हा आहे. मालकही अडकतील, तुम्हीही. मी 'मयत' असा शेरा मारतो, विषय संपला."

सुंठीवाचून खोकला गेल्याचं समाधान सिद्रामप्पांच्या चेहऱ्यावर पसरलं.

"सही खोटी हाय साहेब, काम न्हाई," पंचशीला म्हणाली. "गुन्हा लावायचा तर लावा. पण माझं नाव घातल्याबिगर म्या हितून जायची न्हाई."

"पुरावा आहे काही?"

"हाय की. लोकायच्या घरात हाय. चला. घर तुमीच निवडा, म्या निवडत न्हाई."

साहेब कायद्याने बांधलेले असले तरी माणूस जिज्ञासू होता. निघाले.

समोरच्या गल्लीतलं पहिलंच घर त्यांनी निवडलं. पंचशीला स्वयंपाकघरात ओट्याखाली वाकली आणि तशीच राहिली. गेल्या वर्षी तिथे चकचकीत टाइल्स बसल्या होत्या. साहेबांनी घड्याळ बघितलं. चार वाजून गेले होते.

"अजून एक," ती म्हणाली. "निवडा."

दुसरं घर नागाबाईंचं निघालं. सत्तरी ओलांडलेल्या नागाबाईंनी साहेबांना उंबऱ्यातच अडवलं. "कोनी का असंना, चपला भाईर."

ओट्याखाली चुन्याच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने एकाखाली एक तारखा लिहिलेल्या होत्या. शेगडीची नळी बदलली की तारीख आणि आपल्या नावाचं पहिलं अक्षर तिथे लिहायचं, म्हणजे पुढची मुदत चुकत नाही, ही आनंदराजची रीत. सगळ्यात वर २००५ सालची तारीख, तिच्यापुढे 'आ'. खाली २०१०, २०१५, २०२०, २०२५ आणि प्रत्येकीपुढे 'पं'.

"दर दिवाळीला चुना देते म्या, तेवढी जागा सोडून," नागाबाई म्हणाल्या. "गॅसचा वास आला म्हून निरोप धाडला की हीच पळत येती. ऊन बघत न्हाई, पाऊस बघत न्हाई. अन् तुमी हिचा पुरावा मागता व्हय?"

साहेब गुडघ्यावर बसून बराच वेळ वाचत राहिले. मग उठून आपणहून शेजारच्या घरात शिरले, मग त्याच्या शेजारच्या. आता पंचशीला मागे चालत होती. पाचव्या घरातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या पँटला चुना लागलेला होता. "पुरे," ते म्हणाले. "हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

गोदामात आल्या आल्या पंचशीलाने सिद्रामप्पांपुढे कोरा कागद ठेवला. "आप्पा, काम म्या केलं म्हून लिहून द्या."

"माझ्यावर यील की गं."

"येऊ द्या. एकोणीस वर्सं माझ्यावर व्हतं."

सिद्रामप्पांनी मुकाट्याने लिहून दिलं. साहेबांनी हजेरीपट तिच्याकडे सरकवला. "या नावावर आधी रेघ मारा. एका जागेवर दोन नावं चालत नाहीत. मग खाली तुमचं लिहा."

पेन हातात घेतलं आणि तिचा हात थांबला. घरी फोटोला हार घातला होता, पण इथे तिने त्याला कधी जाऊ दिलं नव्हतं. पाचला सात मिनिटं कमी होती.

"पट्टी हाय का?" तिने विचारलं.

पट्टी ठेवून तिने रेघ ओढली, सरळ आणि इतकी हलकी की खालचं नाव वाचता येत होतं. मग खालच्या ओळीत, घाई न करता, पहिल्यांदाच आपलं पूर्ण नाव लिहिलं: पंचशीला आनंदराज सोनकांबळे.