पणजोबांशिवायचा अर्ज

आमच्या बडोद्यातल्या समा भागातल्या सोसायटीत कुणाला अर्ज लिहायचा असला की तो माझ्याकडे येतो. बदलीचा, पेन्शनचा, नळाच्या जोडणीचा, काहीही. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत काढली, शेवटी हेडक्लार्क होतो, त्यामुळे कोणता शब्द साहेबांना आवडतो आणि कोणता खुपतो हे मला पाठ आहे. खालच्या मजल्यावरचे धनाजीराव म्हणतात, "माधवभाई, तुमची अरजी म्हणजे काम झालंच समजायचं ने." मी वरवर नको नको म्हणतो, पण मनातून फुलून जातो. खोटं कशाला बोलू?

म्हणून गेल्या वर्षी माझ्या मुलीचा, मोहनाचा, अर्ज मीच हातात घेतला. मोहना गोरव्याच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर. तिला स्कॉटलंडला जाऊन व्यवसाय व्यवस्थापनात मास्टर्स करायचं होतं आणि त्यासाठी स्वतःविषयी निबंध पाठवायचा होता. तिने लिहिलं होतं की एकदा मालाचा एक लॉट सदोष निघाला, मॅनेजर तसाच रवाना करा म्हणत होते, तिने तो अडवला आणि सगळ्यांची बोलणी खाल्ली. अर्जात कुणी वरिष्ठांची तक्रार करतं का? मी तो परिच्छेद काढला, 'वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली' असं घातलं आणि सुरुवातीला तिच्या पणजोबांना आणून बसवलं. म्हणजे माझे आजोबा. ते बडोदे संस्थानात वहिवाटदार होते, अख्ख्या महालाचा, म्हणजे तालुक्याचा, कारभार त्यांच्याकडे. आमच्या घरातला नोकरीचा असो की लग्नाचा, कोणताही कागद त्यांच्यापासूनच सुरू होतो. माझ्या नोकरीच्या अर्जातही वडिलांनी ते घातले होते आणि मला नोकरी लागली होती.

मोहनाने तीन विद्यापीठांना अर्ज पाठवला होता; तिन्हींनी नकार कळवला.

ती मला काही बोलली नाही. या वर्षी मात्र तिने दार लावून निबंध लिहिला. चहाच्या निमित्ताने मी दोनदा डोकावलो, तर लॅपटॉप मिटला. "बाबा, या वेळी राहू द्या," एवढंच म्हणाली. मला राग आला. चार दिवस मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. तिच्या ते लक्षातही आलं नाही, कारण एरवीही आम्ही कामापुरतंच बोलतो. तिची आई निरुपमा गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून या घरात आम्ही दोघं अगदी शहाण्यासारखे राहतो. मोहना सकाळी आठला निघते. मग मी कुंड्यांना पाणी घालतो, पेपर जाहिरातींसकट वाचतो. कुकरची शिटी झाली की बरं वाटतं, घरात काहीतरी आवाज होतो. ती परदेशी गेल्यावर काय होईल, हा विचार मी रोज करत होतो.

मुदतीच्या दिवशी दुपारी तीनला फोन वाजला.

"बाबा, मी हाफ डे घेऊन येणार होते, पण इथे इन्स्पेक्शन लांबलंय. मोबाइल गेटवर जमा केलेत, ऑफिसच्या फोनवरून बोलतेय. इथल्या कॉम्प्युटरवर ती साइट उघडत नाही. पाचला मुदत संपते. तुम्ही तेवढं करून द्याल ने?"

तिने एकेक पायरी सांगितली, मी लाइटबिलाच्या मागे उतरवून घेतली. बाकी सगळं भरून झालं होतं. निबंधाची फाइल चढवायची आणि शेवटचं बटण दाबायचं. "वाचत बसायची गरज नाही," हे ती दोनदा म्हणाली.

फाइल चढली. पण बटणाच्या वर एक चौकोन होता: सर्व मजकूर वाचून खात्री केली आहे. नोकरीत मी न वाचता कशावरही सही केली नाही. ही सबब होती, कबूल करतो. मी चष्मा पुसला आणि वाचायला बसलो.

प्रश्न होता, तुमच्या एका अपयशाबद्दल लिहा. तिने इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा:

"कारखान्यात मी मॅनेजरला नाही म्हणू शकले. घरी वडिलांना म्हणू शकले नाही. गेल्या वर्षी त्यांनी माझा निबंध प्रेमाने दुरुस्त केला आणि त्यात मीच उरले नाही. पाठवतानाच मला माहीत होतं की तो चालणार नाही. तरी पाठवला, कारण आई गेल्यानंतर त्या दिवशी पहिल्यांदाच ते काम करता करता गुणगुणत होते. माझं एक वर्ष गेलं आणि खरं कारण मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. जाण्याआधी सांगेन."

मी तीनदा वाचलं. घरातलं असं परक्यांना कुणी लिहितं का? तो परिच्छेद काढायला दोन मिनिटं लागली असती. पणजोबा एका ओळीत बसले असते. आणि दुसराही एक विचार आला, तो सांगायची लाज वाटते. नेट बंद पडलं होतं असं सांगितलं असतं तर तिने विश्वास ठेवला असता. अजून एक वर्ष संध्याकाळी सातला दारावरची बेल वाजली असती.

चार वाजून चाळीस मिनिटांनी मी चौकोनात खूण केली आणि बटण दाबलं. एका शब्दालाही हात लावला नाही.

"वाचलंत?" सात वाजता चप्पल काढता काढता तिने विचारलं.

"मला काय करायचंय तुझं वाचून?" मी म्हणालो.

तिला प्रवेश मिळाला. त्यानंतर रोज जेवताना मी टीव्ही बंद ठेवायला लागलो, म्हणजे तिला बोलायला सोपं जावं. तिने गॅसचा नंबर कुठे लावायचा ते सांगितलं, बँकेचं सांगितलं. अहमदाबादच्या विमानतळावर वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "गोळ्या वेळेवर घ्या."

आता ती दर रविवारी दुपारी फोन करते. शनिवारपासूनच मी काय बोलायचं ते जमवत बसतो आणि दहा मिनिटांत ते संपतं. या रविवारी ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला एक सांगायचं राहून गेलंय."

"सांग ना."

तिने उठून खिडकी लावली, तो आवाज आला. मग म्हणाली, "थंडी फार आहे इथे."

मला राहवलं नाही. "मोहना, मी वाचलं होतं."

"सगळं?"

"सगळं."

"मग काय काय बदललंत?"

"काही नाही."

"पणजोबासुद्धा नाही घातले?"

"नाही गं."

पलीकडून आवाज आला. ती हसत होती की रडत होती, मला कळेना. समोर असती तर तोंड बघून कळलं असतं. ती फोन ठेवेपर्यंत मी तो कानाला तसाच धरून बसलो.