वळणावरची बेल

कालव्याकाठच्या वाटेची समिती दर महिन्याला शाळेच्या हॉलमध्ये बसायची आणि दर महिन्याला तिला ब्रेक लागायचा. ब्रेक म्हणजे माणूस. बस डेपोत बसचे ब्रेक दुरुस्त करण्यात उभा जन्म घालवून निवृत्त झाला, म्हणून हे नाव पडलं. टिकलं मात्र मीटिंगांमुळे. वाटेवर बाकं टाकायचं ठरलं, ह्यानं हात वर केला. बाकांना रंग द्यायचं ठरलं, पुन्हा हात वर. कोणी "सगळ्यांना मान्य आहे ना?" असं विचारलं की सगळ्यांच्या माना आपोआप मागच्या रांगेकडे वळायच्या.

त्यामुळे ई-सायकलींचा विषय निघणार हे कळल्यावर लोक घरी सांगूनच आले होते, की आज जेवायला थांबू नका.

मागणी साधी होती. वाटेच्या तोंडाशी 'बॅटरीच्या सायकलींना मनाई' अशी पाटी होती, ती काढायची. ज्यांचे गुडघे गेले होते, ज्यांना दिवसभर उभं राहून काम केल्यावर चढ चढून घरी यायचं होतं, त्यांना रस्त्यानं जावं लागायचं, ट्रकच्या चाकांना खेटून. समितीच्या अध्यक्षांना सगळे शिट्टीबाई म्हणायचे. त्या शाळेत खेळ शिकवायच्या. आता गळ्यात शिट्टी नव्हती, पण आवाजात होती. त्यांनी विषय मांडला आणि सवयीनं मागच्या रांगेकडे पाहिलं.

ब्रेक म्हणाला की ह्या गाड्या मांजरासारख्या येतात. चालणाऱ्याला कळतसुद्धा नाही. माझ्या घराखालच्या वळणावर समोरचं काही दिसत नाही, तिथं एखादी म्हातारी कालव्यात जाईल तेव्हा समिती काय करणार, हार घालणार? मुद्दा खरा होता, आणि हीच त्याच्या बाबतीत पंचाईत होती. माणूस आडमुठा असून चुकतही नसला तर त्याचं करायचं काय?

शेवटी तोडगा निघाला. पाटी तात्पुरती काढायची. त्या वळणावर प्रत्येक ई-सायकलवाल्यानं बेल मारायचीच, तीही बोटानं वाजवायची साधी बेल. ज्यांच्याकडे नसेल त्यांना फेरवापराच्या शेडमधून भंगारातल्या सायकलींच्या बेल काढून फुकट द्यायच्या. थंडीचा मोसम संपला की पुन्हा विचारायचं, आणि एकाचा जरी हात विरोधात वर आला तरी पाटी परत लागणार. हा एक हात कोणाचा, हे सांगायची गरज नव्हती.

ब्रेक त्या संध्याकाळी जिंकून घरी गेला. कुलूप काढलं, दिवा लावला, आणि जिंकल्याचं सांगायला घरात कोणी नाही हे त्याच्या लक्षात आलं.

आधी असायची. ताई, त्याची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले, तिनं लग्न केलं नाही, मग ह्यानंही केलं नाही, आणि दोघं त्या चढावरच्या घरात भांडत भांडत म्हातारी झाली. ताई छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर होती. कातरणांची पोती जाळायला निघाली की तिचा जीव तुटायचा. निवृत्त झाल्यावर तिनं वाटेच्या खालच्या टोकाला ती शेड सुरू केली. लोक तिथं काच, पुठ्ठे, डबे, मोडक्या सायकली आणून टाकायचे आणि ताई चारदोन बायकांना हाताशी धरून सगळं निवडत बसायची. संध्याकाळी सायकल हातानं ढकलत वर यायची. वळणावर पोचली की बेल मारायची.

ती बेल धड नव्हती. एकदा 'ट्रिंग' व्हायची, मग काहीतरी विसरल्यासारखी थांबायची, आणि मग उरलेलं 'ट्रि' सोडायची. ब्रेकनं कितीदा म्हटलं, तेलाचा एक थेंब सोडतो, काम होईल. ताई हात लावू द्यायची नाही. म्हणायची, "मग मीच आले हे तुला कळणार कसं?"

वर स्वयंपाकघरात बेल ऐकू आली की ब्रेकची धांदल उडायची. सिगारेट नळाखाली धरायची, थोटूक कागदात गुंडाळून डब्याच्या तळाशी कोंबायचं, खिडकी सताड उघडायची, आणि दोन कपांचं आधण ठेवायचं. ताई दारात येईपर्यंत हा अगदी साळसूद. साठी उलटली तरी त्याची समजूत होती की ताईला ह्यातलं काही ठाऊक नाही.

ताई गेल्यावर सायकल कितीतरी दिवस दाराच्या आत उभी होती. येताजाता तिचं पेडल त्याच्या नडगीला लागायचं. एके दिवशी त्यानं ती शेडमध्ये नेऊन, ताईमागे शेड बघणाऱ्या शिट्टीबाईंच्या पुढ्यात उभी केली, हिचं काय करायचं ते करा पण मला सांगू नका म्हणाला, आणि त्यानंतर त्यानं शेडचं तोंड पाहिलं नाही.

बेलचा नियम सुरू झाला आणि ब्रेक खिडकीत खुर्ची टाकून बसू लागला. न वाजवता जाणारा पकडायचा होता त्याला. पण लोक इमानदारीनं वाजवत होते. एखादी बेल खणखणीत, एखादी सर्दी झाल्यासारखी. ऐकताना वेळ बरा जायचा. आता तो सिगारेट उघडउघड ओढत होता, लपवायचं कोणापासून?

अशाच एका संध्याकाळी खालून आवाज आला. ट्रिंग. मग काहीच नाही. मग ट्रि.

सिगारेट नळाखाली गेलीसुद्धा. खिडकी उघडीच होती, ती त्यानं आणखी ढकलली. दोन कप पाणी गॅसवर चढलं, साखरेचा डबा हातात आला, आणि मग त्याचे हात थांबले. पाणी उकळून उकळून आटलं तरी तो तसाच उभा होता. इतकं एकटं त्याला ताई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो शेडमध्ये जाऊन थडकला. शिट्टीबाई बाटल्यांची झाकणं काढत होत्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की सायकलचा सांगाडा गंजला होता, सुटे भाग केले, बेल डब्यात गेली, आणि डब्यातली बेल ज्याला मिळाली त्याला मिळाली. तुम्हीच तर सांगू नका म्हणाला होतात. नियमही तुमचाच.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढचे काही दिवस तो त्या वेळेला घराबाहेर पडून बाजारात भटकून आला. पण भटकताना कान तिकडेच. आता वाजली असेल, आता वाजली असेल. घरी परतल्यावर वाटायचं, ताई येऊन, दार बंद बघून परत गेली. ते त्याहून वाईट होतं. त्यानं मनाशी ठरवलं, बेल ताब्यात घ्यायची आणि मोसम संपला की हात वर करायचा. पाटी परत लागली की सगळंच गप्प होईल.

खिशात पाना घालून तो वळणावर जाऊन उभा राहिला. सायकल आली ती दवाखान्यातल्या एका नर्सची. तिनं त्याला पाहिलं आणि ब्रेक दाबून घाईघाईनं म्हणाली, "वाजवली मी, काका. खरंच वाजवली."

त्यानं मान हलवली. बेल माझ्या बहिणीची आहे, एवढंच सांगितलं. पोरगी आढेवेढे न घेता उतरली. ती अडकतेच, मी नवी घेऊनच ठेवली होती, म्हणत तिनं पिशवीतून नवी बेल काढली. त्यानं जुनी उतरवली, नवी बसवली, आणि हात लागलाच आहे म्हणून तिचे ब्रेकही आवळून दिले. मागचा फारच सैल होता. त्याबद्दल बोलायचंही त्यानं सोडलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी खालून खणखणीत बेल वाजली. कोणाचीही असेल. ब्रेक जागचा हलला नाही. मग त्यानं टेबलावरची ताईची बेल हातात घेतली आणि अंगठ्यानं दाबली. ट्रिंग. ट्रि. आवाज तोच होता. पण वाजवणाराही तोच आणि ऐकणाराही तोच. त्याला कोणासाठी काही विझवावंसं वाटलं नाही, कोणासाठी काही गॅसवर ठेवावंसं वाटलं नाही. बेल परत मिळाली होती आणि बेल वाजायची बंद झाली होती.

मोसम संपल्यावरच्या मीटिंगच्या आदल्या दिवशी शिट्टीबाई चढ चढून आल्या, ह्याच्या मनात काय आहे ते काढून घ्यायला. टेबलावर बेल आणि तिच्याशेजारी थोटकांनी भरलेली बशी बघून त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "आता लपवत नाही वाटतं."

ब्रेकनं चमकून पाहिलं.

"अहो, सगळ्या शेडला माहीत होतं. मी एकदा ताईंबरोबर वर येत होते. वळणावर चिटपाखरू नाही आणि ह्या बेल मारतात. म्हटलं, कोणासाठी? तर म्हणाल्या, 'त्याला जरा वेळ मिळतो. मी दारात उभी आणि त्याच्या हातात सिगारेट, मग मला बोलावं लागेल, त्याला वाईट वाटेल, चहा कडू होईल. त्यापेक्षा खालूनच कळवलेलं बरं.'"

बाईंनी उद्याच्या मताचं विचारलंच नाही. अंधार पडायच्या आत त्या उतरून गेल्या. त्या गेल्यावर तो रडला. कोणी ऐकत नव्हतं म्हणून मोठ्यानं रडला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या वाटेवर तो वळणावर थांबला. नर्स आली. त्याच्या हातात पुन्हा पाना बघून ती हसली.

"ही परत लावू का?" त्यानं विचारलं. "नवीही राहू दे, पिशवीत. पण इथून जाताना ही वाजव."

"लावा की," ती म्हणाली. "पण काका, तुम्हाला एवढं जमतं, तर तिचं ते अडकणं दुरुस्तच करून द्या ना."

"नको," तो म्हणाला. "दुरुस्त केली तर वर कळणार कसं?"

वर कोण असतं, असं तिनं विचारलं. त्यानं स्क्रू आवळला, ओढून पाहिला, आणि म्हणाला, "मीच असतो."

हॉलमध्ये शिट्टीबाईंनी विचारलं, सगळ्यांना मान्य आहे ना? माना मागच्या रांगेकडे वळल्या. ब्रेकचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते आणि ते त्यानं बाहेर काढले नाहीत. पाटी कायमची निघाली. कोणीतरी म्हणालं, आज ब्रेक फेल झाला, आणि सगळ्यांबरोबर तोही थोडा हसला. घरी परत तो एकटाच चालत आला.

पुढच्या संध्याकाळी तो खिडकीत बसला होता. ट्रिंग. मग ती थांबली. मग उरलेलं आलं. त्यानं सिगारेट नळाखाली धरली, खिडकी सताड उघडली आणि आधण ठेवलं. एका कपाचं. तेवढं त्याला आता जमत होतं.