अडुळशाचा काढा

जळगावात डाळमिलच्या मागच्या वस्तीत कुणाला खोकला झाला की तो तानुबाईकडे यायचा. कुंपणाचा अडुळसा, सुंठ, ज्येष्ठमध आणि गुळाचा खडा घालून ती काढा करायची. चार कप पाण्याचा एक कप होईपर्यंत चुलीपुढून उठायची नाही. त्याने कफ सुटायचा, घसा मोकळा व्हायचा. अंग मोडून आलेल्याला ती गवती चहा उकळून द्यायची.

१९९१च्या दिवाळीनंतर तिचा नवरा झुलाल खोकू लागला. मिलमध्ये तो चाळणीवर होता. डाळीची भुकटी नाकातोंडात जाणं रोजचंच. तानुबाईने काढा सुरू केला. प्यायल्यावर तासभर बरं वाटायचं, मग पुन्हा ठसका. तिने अडुळशाची पानं वाढवली, दोन वेळांचा काढा तीन वेळा केला.

दोन महिने असेच गेले. आता दिवेलागणीला त्याचं अंग कढत लागायचं आणि सदरा खांद्यावरून घसरायचा. तानुबाईचं कशात चित्त लागेना. भाकरी थापता थापता ती उठायची, पिठाच्या हातानेच त्याचं कपाळ चाचपून यायची आणि पुन्हा परातीपाशी बसायची. झुलाल म्हणायचा, खोकला कमी आहे. खरंच कमी होता. मग माणूस वाळतोय कशाने, हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला? वस्ती तर तिलाच विचारायची.

काढ्याशिवाय खोकला किती येतो ते बघायला संक्रांतीनंतर एके सकाळी तिने काढा चढवलाच नाही. झुलाल वाट बघत बसला, मग खोकू लागला तो थांबेचना. शेवटी त्याने फडक्याने तोंड पुसलं. फडक्यावर लाल ठिपका होता. तानुबाईने रिक्षा बोलावली.

सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. क्षय निघाला. तानुबाईने काढ्याचं सांगितलं तेव्हा डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "काढा प्यायला हरकत नाही, घशाला बरं वाटेल. पण रोग गोळ्यांनीच जाईल. एक दिवसही चुकवायचा नाही."

परत येताना तिला दुसराच घोर लागला. मिलमध्ये झुलालच्या शेजारच्या चाळणीवर जीवरामनाना होते, आणि वस्तीत त्यांचं घर तिच्या भिंतीला लागूनच होतं. तेही दोन महिने खोकत होते आणि रोज संध्याकाळी पेला घेऊन तिच्याकडे येत होते.

त्या संध्याकाळीही आले. तानुबाई दारातच उभी राहिली.

"नाना, आधी दवाखानामा जाई या. मंग काढा."

"बठ्ठा गावले देस, नि माले नही?"

"खोकला दबी जास नाना, रोग नही."

सगळ्या गावाला मिळणारा काढा आपल्यालाच नाही, या रागात नाना पेला घेऊन निघून गेले. त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईने, नळावर तिच्याशी बोलणं सोडलं. नवऱ्याच्या आजारानं तानुबाईचं डोकं फिरलंय, असं वस्तीत पसरलं. ती ऐकायची, झुलालला गोळ्या द्यायची आणि भिंतीपलीकडून नानांची प्रत्येक उबळ मोजायची.

नवव्या दिवशी नाना कागद घेऊन आले. क्षय नव्हता, भुकटीने छाती भरली होती, मिलमध्ये नाकातोंडाला फडकं बांधायला सांगितलं होतं. "उगाच भिवाडं माले," एवढंच बोलून ते ओट्यावर बसले. तानुबाईने काढा केला. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

झुलालच्या गोळ्या पावसाळा संपेपर्यंत चालल्या. तो बरा झाला, पण चाळणीवर परतला नाही. पाइपच्या कारखान्यात लागला. लोक तानुबाईकडे अजून येतात. चूल पेटवण्याआधी ती विचारते, किती दिवस झाले. पंधराच्या वर आकडा निघाला की ती पातेलं खाली ठेवते आणि पायात चपला घालते. माणूस कितीही कुरकुरला तरी त्याला दवाखान्यापर्यंत स्वतः घेऊन जाते.