जनी रडते ते पान

रत्नागिरीत पदरचे पैसे घालून पुस्तक काढणाऱ्यांना आप्पा जोगळेकरांचा धाक असे. शाळेतून निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ हौशी लेखकांच्या वह्या फुकट तपासायचा, पण फुकट म्हणून हात सैल सोडील तर शपथ! तीन वाचनं झाल्याशिवाय वही छापखान्यात जायची नाही. "वाचकाने काय पाप केलंय?" हे ठरलेलं. स्वतःसाठी मात्र त्यांचा नियम एकच, दुसऱ्याच्या वहीत आपलं वाक्य घालायचं नाही. आपण खूण करायची, लिहायचं त्याने.

२००२च्या दिवाळीनंतर जयगडहून मालन आली. नवरा महिपत बोटीवर खलाशी, वर्षातले दहा महिने दर्यावर. बाईने कादंबरी लिहिली होती, आणि काय लिहिली होती! आप्पा खूश झाले. अडले ते एकाच पानावर. कादंबरीतल्या जनीचा मुलगा खाडीत बुडाल्याची बातमी येते, तेव्हा ती बांगडे साफ करत असते. ती रडत नाही. टोपली संपेपर्यंत विळीवरून उठतसुद्धा नाही.

आप्पांनी समासात लाल शाईने लिहिलं, 'अशक्य. आई अशी वागत नाही.' दुसऱ्या वाचनाला पान तसंच. तिसऱ्यालाही तसंच! आप्पांचं डोकं फिरलं.

"मालनबाई, हे कुणाला पटायचं नाही. बदला, नाहीतर मी वहीला हात लावणार नाही."

मालनने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "माझ्याच्यानं तिला रडवणं होत नाय, आप्पा. तुम्हीच लिहा. तुम्ही शिकलेले."

आणि बघा हं, इतकी वर्षं पाळलेला नियम या माणसाने मोडला. एका बैठकीत पानभर आक्रोश लिहिला. जनीने कपाळ बडवलं, किनाऱ्यावर लोळण घेतली. लिहिताना आप्पांचेच डोळे भरून आले, तेव्हा पान झकास उतरल्याची त्यांना खात्री पटली.

वाचनालयात प्रकाशन झालं. पाहुण्यांनी नेमकं तेच पान वाचून दाखवलं, बायकांनी डोळे पुसले. मालन मान खाली घालून बसली होती. लाजली असेल, असं आप्पांना वाटलं.

मे महिन्यात महिपत रजेवर आला तो पिशवीभर काजू घेऊन आप्पांच्या दारात. वाकून पायाच पडला.

"मास्तर, आमचा शिवा बुडाला तेव्हा मी बोटीवर. घरी आलो तर जो तो सांगे, आई विळीवरून उठली नाय, डोळ्यातून टिपूस काढलं नाय. चार वर्षं मी तिच्याशी धड बोललो नाय. आता पुस्तक वाचलं. माझी बायको रडली होती, मास्तर! लोकंच खोटं बोलली."

रडणारी बाई त्यांनी रचली होती, आणि खरी बाई स्वतःच्या हाताने खोडली होती. अशक्य, म्हणे! लाजेने त्यांना महिपतकडे बघवेना. सांगावं, तर याचा संसार पुन्हा मोडणार. त्यांनी नुसता चहा पुढे केला.

दुसऱ्या दिवशी एसटीने जयगड गाठलं. महिपत बाजारात गेला होता, मालन पडवीत एकटीच होती. आप्पांनी हात जोडले.

"घोडचूक झाली माझी. मी महिपतला सगळं सांगतो. तुमचं पान घालून पुस्तक पुन्हा छापू."

"नको, आप्पा." मालन खाली बघत बोलली. "हात चालत होते तोवर माझा शिवा गेला नव्हता. हात थांबले आणि तो गेला. एवढंच ह्यांना सांगायचं होतं. तोंडानं सांगता येईना, म्हणून तर लिहिलं."

"मग सांगू द्या ना मला!"

"आता राहू दे. चार वर्षांनी हे माझ्या शेजारी बसतात, बोलतात. बोलतात ते तुमच्या जनीशी. मी आपली हूं हूं करते."