पासंगाची सुनावणी

शब्दकोशाच्या खोलीत बाईंचा एक नियम होता. ज्याने शब्दाची व्युत्पत्ती सुचवली, त्याने निर्णयाच्या वेळी बाहेर जायचे. नियम त्यांनीच घातला होता, कारण त्यांचे यजमान आणि धाकटे दीर एकेका शब्दावरून हमरीतुमरीवर येत. यजमान गेल्यावरही काम थांबले नाही. बाई, दीर आणि सूनबाई असे तिघे उर्दूतले फारसी शब्द तपासत ‘प’पर्यंत आले आणि ‘पासंग’पाशी अडले.

बाकीच्या नोंदी यजमानांनी जुन्या कोशांवरून घेतल्या होत्या. ही एकच त्यांची स्वतःची होती. पासंग म्हणजे ‘पाव-संग’, पाव वजनाचा दगड. हे ते पाहुण्यारावळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगत.

“आई, हे टिकणार नाही,” सूनबाई म्हणाली. “संग म्हणजे दगड, तेवढं बरोबर. तराजूचं एक पारडं हलकं असलं, तर तोल साधायला त्यात टाकायचा तो दगड. पण पाव हा आपल्याकडचा शब्द. फारसी माणूस तो उसना कशाला आणेल?”

“मग ‘पा’ कुठला?”

“फारसीत पा म्हणजे पाय, तोच असावा म्हणतात. मला खात्री नाही. तसंच लिहू.”

“खात्री नसलेलं छापायचं, आणि त्यांनी खात्रीनं सांगितलेलं खोडायचं?”

“दादाला सगळ्याचीच खात्री असायची, वहिनी,” दीर चष्मा पुसत म्हणाले. “पाऊस येणार नाही म्हणून छत्री न घेता निघायचा आणि चिंब होऊन यायचा.”

बाई हसल्या नाहीत. मुखपृष्ठावर यजमानांचे नाव जाणार होते आणि आत त्यांचे स्वतःचे असे एवढेच होते. बाईंनी ‘राहू दे’ म्हटले असते, तर त्या घरात दुसरा शब्द निघाला नसता. हे तिघांनाही ठाऊक होते.

“ज्याची व्युत्पत्ती तो बाहेर,” शेवटी बाई म्हणाल्या. “ते नाहीत. त्यांच्या जागी मी जाते.”

“आई, तुम्ही कशाला?”

“नियम माणूस बघून घातला नव्हता.”

पदर सावरून त्या बाहेर गेल्या आणि दार लावून घेतले. आतले बोलणे ऐकू येऊ नये म्हणून जिन्यापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या. खाली कोणीतरी सायकल पुसत होते. त्यांनी ते शेवटपर्यंत पाहिले.

सुनेने हाक मारली तेव्हा त्या आल्या, खुर्चीत बसल्या. निर्णय विचारला नाही. दिरांची खाली गेलेली नजर पुरेशी होती. त्यांनी लेखणी घेतली, यजमानांच्या अक्षरातली ओळ पट्टी लावून सरळ खोडली.

“सांग आता,” त्या सुनेला म्हणाल्या. “सावकाश सांग. मी लिहिते.”